डिस्क दगावण्याआधी

दिवाळीच्या सुमारास पिंपळगाव बसवंतमध्ये कुणालाच उसंत नसते. बाजार समितीच्या आवारात टोमॅटोच्या क्रेटची थप्पी लागलेली, मुंबई-आग्रा महामार्गावर पिकअपची रांग, आणि शिवारात ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागा पोंग्यात किंवा त्याच्याही थोड्या पुढे. ढगाळ हवा दिसली की डाउनी रोगाच्या धास्तीने पहाटे ब्लोअर सुरू होतात. निफाड तालुक्यातल्या अशा बागायतदाराच्या घरात आता एखादा लॅपटॉप असतोच. बहुधा मुलाच्या किंवा मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, पुढे घराचा झालेला. त्यात कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, लग्नाचे आणि बारशाचे फोटो असतात, आजीच्या आवाजातल्या ओव्या मोबाइलवर टिपून कुणीतरी त्यात उतरवलेल्या असतात. आणि एका फोल्डरमध्ये पाच-सात हंगामांची फवारणीची नोंद असते: कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला, कोणतं औषध, लिटरला किती.

ही नोंद किती मोलाची, हे या भागाला 2010च्या हंगामाने शिकवलं. क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. तेव्हापासून प्लॉटची नोंदणी, फवारणीचं वेळापत्रक, अंश-तपासणीचे अहवाल यांच्याकडे कुणी नुसता कागद म्हणून बघत नाही. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर जे चढवलं, ते सर्व्हरवर राहतं. पण बागायतदाराची स्वतःची वही, म्हणजे कोणत्या वर्षी कोणत्या औषधाने पानं करपली, कुठल्या छाटणीला माल कमी लागला, ही एक्सेलमधली वही त्याच्याच लॅपटॉपवर असते. तिची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते.

मग एक दिवस लॅपटॉप सुरू होताना अडकतो. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते, किंवा विंडोजचं चाक फिरत राहतं. लॅपटॉप दुकानात जातो आणि तिथे एक प्रश्न येतो: “दादा, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देऊ का? उद्या घेऊन जा.”

या प्रश्नाला ‘थांबा’ एवढंच उत्तर द्यावं, यासाठी हा लेख लिहितो आहे. विंडोज नव्याने टाकलं की काही गिगाबाइट नवा मजकूर त्याच डिस्कवर लिहिला जातो, आणि तो कशाच्या डोक्यावर जाऊन बसेल हे कुणालाच सांगता येत नाही. पूर्ण फॉरमॅट तर विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्यं लिहितं. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो. त्याच्यापुढे बंद पडलेलं यंत्र आहे आणि यंत्र चालू करून देणं हे त्याचं काम. फाइली वाचवणं हे काम वेगळं आहे आणि बऱ्याचदा यंत्र चालू करण्याच्या अगदी उलट दिशेने जाणारं आहे.

ते तसं का, हे कळायला डिस्कच्या आत डोकवावं लागतं. लॅपटॉपमधल्या अडीच इंची हार्ड डिस्कमध्ये 65 मिलिमीटर व्यासाची तबकडी असते, बरेचदा काचेची, वर चुंबकीय थर दिलेली. मिनिटाला 5400 फेरे, म्हणजे सेकंदाला 90. तबकडीची कड त्या वेळी ताशी 65 किलोमीटरच्या आसपास वेगाने पळत असते, आणि तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवर वाचणारं हेड तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी 70-80 हजार नॅनोमीटर भरते. यावरून धुळीचा एक कण आत गेला तर काय होईल, चालू लॅपटॉप ट्रॅक्टरच्या सीटवरून खाली पडला तर काय होईल, याचा अंदाज यावा. हेड तबकडीला घासतं, थर खरवडतो, निघालेला चुरा आतच फिरत राहतो आणि दुसरीकडे आणखी खरवडतो.

तबकडीवरचा मजकूर सेक्टरमध्ये विभागलेला असतो, जुन्या डिस्कवर 512 बाइटचे, नव्यांवर 4096 बाइटचे. प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करणारा संकेत लिहिलेला असतो. सेक्टर नीट वाचता आला नाही की डिस्क स्वतःच पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, हेड किंचित सरकवून पुन्हा वाचते. एका सेक्टरपायी कित्येक सेकंद जातात. वर बसलेली संगणक-प्रणाली, लिनक्स असेल तर साधारण 30 सेकंद, वाट बघते, मग तीही पुन्हा मागते. आपण फाइल मॅनेजर उघडून फोटोंचा फोल्डर ओढून पेन ड्राइव्हवर टाकतो तेव्हा पडद्यामागे हे चालू असतं. हिरवी पट्टी 34 टक्क्यांवर अडकते. आपल्याला वाटतं काहीच घडत नाही. प्रत्यक्षात हेड त्याच खरवडलेल्या जागेवर शेकडो वेळा फिरत असतं.

दुखावलेल्या डिस्ककडे थोडंच वाचन शिल्लक असतं. ते किती, हे आधी कळत नाही. शंभर तास असेल, दहा मिनिटं असेल. फाइल वाचवण्याची सगळी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते: उरलेलं वाचन कशावर खर्च करायचं. दुकानात ‘बघू चालू होतोय का’ म्हणून पाच वेळा लॅपटॉप सुरू केला, चेक डिस्क लावली, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केली, की ते वाचन तिथेच उडून जातं. चेक डिस्क तर वाचून थांबत नाही, ती दुरुस्तीसाठी लिहितेही. ज्या सेक्टरवर शंका आहे त्याच्यावर नवं काही लिहिलं गेलं की डिस्क गरज पडल्यास तो सेक्टर बाद करून राखीव जागा वापरते आणि जुना मजकूर कायमचा हाताबाहेर जातो.

लिनक्स ही विंडोजसारखीच एक संगणक-प्रणाली. ती या कामात उपयोगी पडते याचं पहिलं कारण साधं आहे. ती पेन ड्राइव्हवरून चालते, आतल्या डिस्कला हातही न लावता. जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी 2000 साली नॉपिक्स ही लिनक्स काढली, तेव्हा सीडीवरून अख्खी संगणक-प्रणाली चालते याचंच लोकांना अप्रूप होतं. आज सिस्टिमरेस्क्यू नावाची प्रणाली खास याच कामासाठी मिळते आणि ती फुकट आहे. दुसऱ्या धड संगणकावर ती पेन ड्राइव्हवर उतरवायची, दुखावलेला लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. त्याहून चांगलं म्हणजे डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाच्या साटा केबलला थेट जोडायची. यूएसबी डबीतून जोडली तरी चालते, पण त्या डबीतली चिप अडचणीच्या क्षणी डिस्कच सोडून देते आणि खऱ्या चुका लपवते.

इथे एक खाच आहे आणि ती लिनक्स वापरणाऱ्या अनेकांनाही माहीत नसते. उबुंटूसारखी घरगुती लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवली तर डिस्कच्या चित्रावर एक क्लिक केली की ती माउंट होते, म्हणजे वापरासाठी उघडली जाते. डिस्कवर ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइलरचना असेल, तर ‘फक्त वाचण्यापुरती’ माउंट केली तरी अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ण करण्यासाठी जर्नलमधला मजकूर डिस्कवर लिहिला जाऊ शकतो. तो थांबवायला ‘नोलोड’ असा वेगळा पर्याय सांगावा लागतो. म्हणून नियम असा: दुखावलेली डिस्क माउंट करायचीच नाही. ती जोडायची, तिचं नाव बघायचं आणि तिची प्रकृती विचारायची.

प्रकृती विचारायचं साधन म्हणजे स्मार्टमॉनटूल्स. ब्रूस अॅलन यांनी ते 2002च्या सुमारास सुरू केलं. अॅलन हे गुरुत्वीय लहरींवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ, पुढे हॅनोव्हरच्या मॅक्स प्लांक संस्थेचे संचालक झाले. त्याच लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला उभी राहायची आहे. अशा संशोधनात शेकडो डिस्क रात्रंदिवस चालतात, कुठली कधी जाणार हे आधी कळणं ही त्यांची निकड होती. त्यांच्या निकडीतून निघालेली गोष्ट आज पिंपळगावातल्या लॅपटॉपवर चालते. ते साधन डिस्कच्या प्रकृतीचा एक तक्ता दाखवतं. त्यात तीन ओळी बघायच्या: क्रमांक 5, म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, 197, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघत असलेले, आणि 198, म्हणजे तपासणीत वाचता न आलेले. 197 शून्याच्या वर असेल आणि चढत असेल, तर दुसरं काहीही न करता प्रत काढायला लागायचं.

त्याआधी कान द्यायचा. डिस्कमधून ठरावीक तालात टक्-टक् असा आवाज येत असेल, किंवा पत्रा घासल्यासारखा, तर वीज तोडायची आणि तिथेच थांबायचं. हेड बहुधा निकामी झालं आहे. प्रत्येक सेकंदाला तबकडी खरवडली जात असू शकते आणि जगातली कुठलीही आज्ञावली ते थांबवू शकत नाही. अशी डिस्क धूळमुक्त खोलीत उघडावी लागते, तशाच दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवावं लागतं. पुण्या-मुंबईला हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, खर्च मोठा असतो, आणि ज्याला त्या फाइली खरोखर हव्या आहेत त्याने तो करावा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून बघा, हा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नये. गार डिस्क बाहेर काढली की तबकडीवर दव धरतं, आणि त्या दवातून काही नॅनोमीटरवर हेड चालवायचं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. पुरात भिजलेल्या डिस्कचंही तसंच. ऑगस्ट 2016मध्ये गोदावरीचं पाणी याच तालुक्यातल्या सायखेडा-चांदोरीत शिरलं होतं. अशा पाण्यातून निघालेली डिस्क उन्हात वाळवायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. गाळ वाळून तबकडीला चिकटतो. ती तशीच ओली, हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे द्यायची.

टक्-टक् नसेल, डिस्क फिरते आहे, नाव दाखवते आहे, फक्त वाचताना अडखळते आहे, तर ते काम घरच्या टेबलावर होण्यासारखं आहे. त्यासाठीचं साधन म्हणजे ग्नू डीडीरेस्क्यू. आंतोनियो दियास दियास यांनी ते 2004 साली बाहेर आणलं आणि आजवर ते सांभाळत आले आहेत. माझ्या मते एका माणसाने जगाला दिलेल्या अत्यंत विचारी आज्ञावल्यांपैकी ही एक आहे. ‘थोडंच वाचन शिल्लक आहे’ ही गोष्ट तिच्या रचनेच्या मुळाशी आहे.

युनिक्सवर डीडी नावाची प्रत काढणारी जुनी आज्ञा होती आणि आहे. ती पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सरळ जाते. वाटेत खराब जागा आली की थांबते. ‘चूक आली तरी पुढे जा’ असं सांगितलं तर जाते, पण न वाचलेल्या जागी रिकामी जागा सोडायला सांगायचं विसरलं की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि प्रत निरुपयोगी होते. शिवाय खराब पट्टा डिस्कच्या सुरुवातीलाच असेल तर तिथेच तासन्‌तास जातात, आणि मागच्या 90 टक्के धड भागापर्यंत पोचण्याआधी डिस्क दम सोडते.

डीडीरेस्क्यू वेगळ्या क्रमाने जाते. गारपिटीनंतर जाणता बागायतदार आधी धड घड उतरवून घेतो आणि फुटक्या मण्यांच्या घडांवर कात्री घेऊन नंतर बसतो, तसा तिचा क्रम आहे. पहिल्या फेरीत ती मोठमोठे तुकडे भराभर वाचते. चूक आली की तिथे रेंगाळत नाही, उडी मारून पुढे जाते. पुन्हा चूक आली तर उडी आणखी मोठी घेते. असं करत सगळा सहज वाचता येणारा भाग हाती येतो. मग ती सोडलेल्या भागांच्या दोन्ही कडांनी आत येते, चांगलं जिथवर लागतं तिथवर. त्यानंतर उरलेल्या मधल्या पट्ट्यात एकेक सेक्टर वाचून बघते. आणि सगळ्यात शेवटी, आपण सांगितलं तरच, हट्टी सेक्टरवर पुन्हा दोन-तीन प्रयत्न करते. पुढून जमलं नाही तर मागून वाचायलाही सांगता येतं. कधी कधी उलट्या दिशेने ते निघतातही.

या सगळ्याचा हिशोब ती एका छोट्या मजकुरी फाइलमध्ये ठेवते, तिला नकाशा-फाइल म्हणू. कुठला पट्टा पूर्ण झाला, कुठला अजून पाहिलाच नाही, कुठल्या कडा राहिल्या, कुठला खराब ठरला, प्रत्येकाला एक चिन्ह. थोड्या थोड्या वेळाने ती फाइल जपून ठेवली जाते. वीज गेली, केबल निसटली, रात्री झोपायचं म्हणून काम थांबवलं, तरी दुसऱ्या दिवशी तीच आज्ञा दिली की काम सोडलं तिथून पुढे चालू होतं, वाचलेलं पुन्हा वाचलं जात नाही. शेतीच्या फीडरवरची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते अशा गावात ही सोय किती मोठी आहे हे वेगळं सांगायला नको. तरी इन्व्हर्टर असेल त्याच खोलीत हे काम मांडावं. डिस्क फिरत असताना वीज तुटणं तिला चांगलं नाही.

आज्ञा एका ओळीची आहे आणि तिच्यातला क्रम पाठ करून ठेवावा: आधी दुखावलेली डिस्क, मग जिथे प्रत जायची ती इमेज फाइल, मग नकाशा-फाइल. पहिल्या फेरीला छोटा ‘एन’ हा पर्याय द्यावा, म्हणजे ती एकेक सेक्टर खरवडायला थांबत नाही. ते दुसऱ्या फेरीला. उलटा क्रम दिला, म्हणजे रिकामी नवी डिस्क आधी आणि दुखावलेली नंतर, तर रिकामेपणा जुन्या डिस्कवर लिहिला जाईल. दियास यांनी इथेही पहारा ठेवला आहे: लिहायची जागा फाइल नसून अख्खी डिस्क असेल, तर ‘फोर्स’चा वेगळा पर्याय दिल्याशिवाय आज्ञा चालत नाही. म्हणून प्रत नेहमी फाइलमध्ये काढावी आणि ‘फोर्स’ला हात लावू नये. कुठली डिस्क कुठली, हे तिच्या आकारावरून आणि अनुक्रमांकावरून दोनदा ताडून बघावं. घरात 500 गिगाबाइटच्या दोन डिस्क असल्या तर नुसत्या आकारावर विसंबू नये.

नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी हवी. ती एफएटी32 रचनेची असेल तर 4 गिगाबाइटला फाइल तुटते, तेव्हा आधीच ईएक्सटी4 किंवा एनटीएफएस करून घ्यावी. वेळेचा अंदाज असा: धड 500 गिगाबाइटची डिस्क सेकंदाला 100 मेगाबाइटने वाचली तर दीड तासाच्या आत होते. जुन्या यूएसबी 2 जोडणीवर साडेचार तासांच्या पुढे. दुखावलेली असेल तर दिवस. पडद्यावर ‘99.99 टक्के’ दिसलं की लोक खूश होऊन थांबतात. 500 गिगाबाइटचा दहा-हजारावा भाग 50 मेगाबाइट होतो, म्हणजे दहा-पंधरा फोटो किंवा एक अख्खी फवारणी-वही. ते 50 मेगाबाइट नेमके कुठे पडलेत हे शोधता येतं. डीडीरेस्क्यूला सांगून प्रतीमधल्या खराब जागी एक खुणेचा शब्द भरून घ्यायचा, मग सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडेल त्या फाइली जखमी, बाकीच्या धड. कशावर आणखी वाचन खर्च करायचं, हे त्या यादीवरून ठरतं.

या आज्ञावलीचा आणखी एक उपयोग घरोघरी आहे. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या डीव्हीडी नवऱ्याकडे एक आणि माहेरी एक अशा असतात, दोन्ही ओरखडलेल्या, दोन्ही अर्ध्यावर अडकणाऱ्या. दोन्ही एकाच वेळी बनवलेल्या अगदी सारख्या प्रती असतील, तर पहिलीची प्रत काढून नकाशा ठेवायचा, मग तीच इमेज आणि तोच नकाशा देऊन दुसरी घालायची. पहिलीत जे निघालं नाही तेवढंच दुसरीतून घेतलं जातं. ओरखडे सहसा एकाच जागी नसतात.

किती वाईट अवस्थेतून काय निघू शकतं, याचं एक उदाहरण आपल्या ओळखीच्या नावाशी जोडलेलं आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान परतताना फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यानात झेनॉन वायूच्या श्यानतेचा एक प्रयोग होता. त्याचा काही मजकूर उड्डाणातच खाली पाठवला गेला होता, बाकीचा एका हार्ड डिस्कवर होता. ती डिस्क टेक्सासमध्ये एका कोरड्या तळ्यात काही महिन्यांनी सापडली, जळून काळी झालेली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या जॉन एडवर्ड्‌स यांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के मजकूर काढला. यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीही निघालं नाही. ही डिस्क अर्धीच भरलेली होती आणि तिच्यावरची जुनी डॉस प्रणाली मजकूर विखरून न ठेवता सलग लिहायची. जिथे खरवडलं होतं तिथे सुदैवाने काही नव्हतं. त्या प्रयोगाचा निबंध 2008मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’मध्ये छापून आला.

इमेज हाती आली की जुनी डिस्क काढून ठेवायची. यापुढचं सगळं काम प्रतीवर, आणि शक्यतो प्रतीच्याही प्रतीवर. फाइलरचना बरी असेल तर इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट होते आणि फोल्डर होते तसे दिसतात. विभागणीचा तक्ता गेला असेल तर टेस्टडिस्क ही आज्ञावली तो शोधून काढते. ईएक्सटी4 आपल्या मुख्य नोंदीच्या प्रती ठरावीक ठिकाणी जपते, बहुतेक डिस्कवर पहिली 32768व्या ब्लॉकला, आणि दुरुस्तीच्या आज्ञेला ती प्रत वापर म्हणून सांगता येतं. दुरुस्तीत ज्या फाइलींचं नाव हरवतं त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावाने जमा होतात.

रचनाच नष्ट झाली असेल तर शेवटचा मार्ग फोटोरेक या आज्ञावलीचा. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाची. फोटोरेक फोल्डर, नावं, तारखा यांच्याकडे बघतच नाही. ती इमेजमधला एकेक ब्लॉक उघडून फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधते. प्रत्येक जेपेग फोटो एकाच ठरावीक बाइटजोडीने सुरू होतो, प्रत्येक पीडीएफच्या माथ्यावर पीडीएफ असं लिहिलेलं असतं. अशा शेकडो प्रकारच्या खुणा तिला माहीत आहेत. हजारो फाइली निघतात, पण नावं ‘एफ’ आणि पुढे सात-आठ आकडे अशी. ब्राउझरने साठवलेली चिल्लर चित्रंही त्यातच. फोटोंच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते, तिच्यावरून वर्षवार फोल्डर पाडता येतात. मोठी व्हिडिओ फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असली तर मात्र ती बहुधा अर्धीच येते.

इथून पुढे मराठी माणसापुढचा प्रश्न वेगळा होतो आणि त्याबद्दल इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत काही सापडत नाही.

नावं गेलेल्या दहा हजार फाइलींतून आपली वही शोधायची तर आतला मजकूर शोधावा लागतो. मजकूर युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतात असेल तर सोपं आहे. 1991 साली लिनस टॉरव्हाल्ड्‌सने लिनक्स जाहीर केली, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. साध्या मजकुरी फाइलीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘पिंपळगाव’ या शब्दात काना, वेलांटी, अनुस्वार धरून आठ चिन्हं आहेत, म्हणजे 24 बाइट. जुन्या वर्डच्या डॉक फाइलीत दोन बाइटला एक चिन्ह, म्हणजे तोच शब्द 16 बाइटचा. दोन्ही प्रकारे शोधावं लागतं. नव्या डॉकएक्स किंवा एक्सेलच्या फाइली मुळात दाबून बांधलेल्या झिप असतात. त्यांच्यात थेट शब्द शोधला तर काहीच मिळत नाही. आधी उलगडायच्या, मग शोधायचं. ही एक पायरी न कळल्याने ‘माझी फाइल त्यात नाहीच’ असं समजून लोक हात झटकतात.

त्याहून मोठं नुकसान जुन्या फॉन्टमुळे होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सीडॅकच्या प्रणालींतले फॉन्ट यांत कित्येक वर्षं मराठी टाइप झालं. त्या फाइलीत देवनागरी अक्षर नसतंच. रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि त्यांच्यावर मराठी आकार चढवण्याचं काम फॉन्ट करतो. दिवाळी अंकांचे छापखाने, सोसायट्या, वकिलांची कार्यालयं, ग्रामपंचायती, सगळ्यांचा जुना मजकूर असाच आहे. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली काढला, आणि त्याच्या प्रती आजही ग्रंथालयांत वाचता येतात. संगणकावर जुळवलेल्या अंकाचा मजकूर मात्र डिस्कवरून जसाच्या तसा वाचवूनही वाचता येत नाही, अशी वेळ येते. फोटोरेकने काढलेली धड, एकही बाइट न गमावलेली फाइल उघडली की समोर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गाळ दिसतो. बघणारा म्हणतो, ‘करप्ट आहे’, आणि पुसून टाकतो. माझी कळकळीची विनंती आहे की अशी फाइल पुसू नये. एकच चिन्हसमूह ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, मध्ये शब्दांइतक्या अंतराने मोकळ्या जागा असतील, परिच्छेद पडलेले असतील, तर ती मराठी आहे. तो फॉन्ट मिळवावा, किंवा त्या फॉन्टचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. हे काम महिनाभराने केलं तरी चालतं, कारण आता वाचनाची घाई संपलेली असते.

नव्या लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसते, एसएसडी असते. ती टक्-टक् करत नाही, धोक्याची सूचना क्वचितच देते, आणि एका सकाळी संगणकाला दिसेनाशी होते. नियंत्रक चिप गेली तर घरी करण्यासारखं फार काही उरत नाही. पुसलेल्या फाइलींबाबतही ती कठोर आहे: ट्रिम नावाच्या सोयीमुळे प्रणाली ‘ही जागा मोकळी’ असं कळवते आणि एसएसडी ती जागा आतून साफ करून टाकते. हार्ड डिस्कवरून पुसलेला फोटो आठवड्याने परत आला असेल, म्हणून एसएसडीवरही येईल असं धरून चालू नये. दुसरी गोष्ट कुलपाची. विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर आपोआप चालू असतो, आणि त्याची 48 आकडी किल्ली मालकाला माहीतही नसते. ती बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडलेली असते. इमेज शंभर टक्के निघाली तरी त्या किल्लीशिवाय ती उघडणार नाही. आज, लॅपटॉप धड असताना, ती कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवावी.

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर वाचवण्याचा क्रमही सांगतो. सातबारा, आठ-अ हे भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावरून पुन्हा निघतात. गुणपत्रिका विद्यापीठाकडे आहे, बँकेचं पासबुक बँकेकडे. त्यांच्यासाठी दुखावलेल्या डिस्कचं एक मिनिटही खर्च करू नये. गाणी, सिनेमे, विंडोजचा फोल्डर यांच्यासाठी तर नाहीच. जे जगात दुसरीकडे कुठेही नाही तेच आधी घ्यायचं: फोटो, आवाज, हाताने केलेली वही, मुलीचा अर्धा लिहिलेला प्रबंध. ही यादी काम सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारून करावी. संगणक जाणणाऱ्या मुलाला आजीच्या ओव्यांची फाइल आठवत नाही, ती आजीलाच आठवते.

काम संपलं की इमेज फाइलीचा आणि नकाशा-फाइलीचा एक संच वेगळ्या डिस्कवर ठेवून द्यावा, जुनी डिस्क फेकू नये किंवा कुणाला देऊ नये. तिच्यात तुमचे आधार कार्ड, पासबुक, फोटो अजून आहेत. फोटोरेकच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि प्रत्येकीला आणखी काही प्रकारच्या फाइली ओळखता येतात. यंदा न सापडलेली वही पुढच्या आवृत्तीला त्याच इमेजमध्ये सापडू शकते. तोवर निघालेल्या निनावी फोटोंना नावं देण्याचं काम दिवाळीच्या सुटीत घरच्या सगळ्यांनी मिळून करावं. कोण कुणाचा मामा, कोणत्या सालचा जत्रेचा दिवस, कुठल्या बागेचा पहिला माल, हे इमेजमध्ये लिहिलेलं नसतं. ते सांगणारी माणसं घरात आहेत, तोवर ते लिहून घ्यावं, युनिकोडमध्ये, आणि दोन ठिकाणी जपून ठेवावं.